नाममुद्रा आणि करारनामा : दूरचित्रवाणीवरील गानस्पर्धा व गाण्याच्या कर्तृत्वाचा प्रश्न

राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'तील काव्यपुरुषाची कथा विदर्भात अभिमानाने सांगितली जाते. रुसून निघालेल्या काव्यपुरुषाला थोपविण्यासाठी गौरी साहित्यविद्येला निर्माण करते. ती त्याच्या मागोमाग देशोदेशी हिंडते, प्रत्येक देशात निराळा वेष आणि निराळे नृत्य धारण करते, आणि अखेरीस विदर्भातील वत्सगुल्म नगरीत दोघांचा गांधर्वविवाह होतो. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. 'हरिविजय' ह्या प्राकृत काव्याचा कर्ता राजा सर्वसेन येथलाच. 'वच्छोमी' ह्या रीतीला नाव मिळाले तेही ह्याच नगरीवरून. हा वारसा गौरवपर लेखनात वारंवार येतो. मात्र ज्या ग्रंथात ही विवाहकथा आहे, त्याच ग्रंथाचे अकरा ते तेरा हे तीन अध्याय दुसऱ्याचे काव्य उचलण्याच्या प्रश्नाला वाहिलेले आहेत, ह्याची आठवण क्वचितच काढली जाते.

राजशेखराची भूमिका नीतिवाद्याची नाही. उसनवारीपासून कोणताच कवी पूर्णपणे मुक्त नसतो, हे तो गृहीत धरतो आणि मग त्या उसनवारीच्या प्रती लावतो. शब्दांचे हरण वेगळे, अर्थाचे हरण वेगळे. अर्थहरणातही मूळ आशय तोच ठेवून केवळ मांडणी बदलणारे 'प्रतिबिंबकल्प', थोड्या संस्काराने तीच वस्तू वेगळी भासविणारे 'आलेख्यप्रख्य', विषय निराळा असूनही अतिसादृश्यामुळे एकरूप वाटणारे 'तुल्यदेहितुल्य', आणि मूळ एकच परंतु साजशृंगार सर्वस्वी भिन्न असे 'परपुरप्रवेश' अशा चार कोटी तो मानतो. ह्यांतील पहिल्या तीन कोटींचे सूत्र आनंदवर्धनाकडे सापडते. चौथी राजशेखराची भर. आरशातल्या प्रतिमेला स्वतःचा जीव नसतो म्हणून प्रतिबिंब त्याज्य. दुसऱ्याच्या देहात शिरून तो देह चालविणे मात्र कवीला शोभणारे. नक्कल आणि नवनिर्मिती ह्यांच्यामध्ये इतक्या पायऱ्या असू शकतात, हे दहाव्या शतकाच्या सुमारास ज्याने ओळखले, त्याची परिभाषा आजच्या एका अगदी वेगळ्या व्यवहाराला लावून पाहता येते. तो व्यवहार म्हणजे दूरचित्रवाणीवरील गाण्याचे रिॲलिटी शो.

झी वाहिनीवर १९९५ साली 'सा रे ग म' सुरू झाले. २००४ साली 'इंडियन आयडॉल' आले आणि अभिजीत सावंत हा मुंबईचा मराठी तरुण त्याचा पहिला विजेता ठरला. झी मराठीच्या 'सा रे ग म प'च्या २००८-०९ मधील 'लिटिल चॅम्प्स' पर्वाने तर महाराष्ट्रातील घराघरांत संध्याकाळचे वेळापत्रक बदलून टाकले. आळंदीची कार्तिकी गायकवाड वारकरी वळणाचा खडा आवाज घेऊन आली आणि जिंकली. अमरावती जिल्ह्यातून आलेली वैशाली माडे हिने मराठीनंतर हिंदी स्पर्धाही जिंकली आणि पुढे 'बाजीराव मस्तानी' (२०१५) ह्या चित्रपटात ती श्रेया घोषाल हिच्यासोबत गायली. वऱ्हाडातील गावांत हे नाव आजही दाखल्यासारखे घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. ज्या प्रदेशात संगीताचे वर्ग थोडे, ध्वनिमुद्रणाची सोय जवळजवळ नाही आणि मुंबईचे दार दूर, तेथे हे दार एकदा तरी उघडले गेले, ही गोष्ट अभिजनांच्या नापसंतीने खोटी ठरत नाही. रिॲलिटी शोविषयी आपल्याकडील टीका बहुधा अभिरुचीच्या अंगाने होते: भडक रोषणाई, परीक्षकांचे अश्रू, एसएमएसचा कौल. ही टीका चुकीची नसली तरी ती वरवरची आहे. स्पर्धेत गाणे कशा प्रकारचे अस्तित्व धारण करते आणि गाणाऱ्याचे त्याच्याशी नाते कोणते उरते, हा अधिक गाभ्याचा प्रश्न आहे.

गानस्पर्धेत नवे गाणे जवळजवळ नसते. स्पर्धकाने श्रोत्यांना आधीच ठाऊक असलेले गाणे म्हणायचे, हा पायाभूत संकेत आहे. ह्या अर्थाने ती हरणाचीच संस्था आहे. तेथे मूळ कोणते हे प्रत्येकाला ठाऊक असते आणि आस्वाद मूळ व प्रत ह्यांच्या तुलनेतूनच घेतला जातो. आरंभीच्या फेऱ्यांत परीक्षक प्रतिबिंबकल्पाची मागणी करतात. मूळ गायिकेची हरकत जशीच्या तशी आली की शाबासकी मिळते. पुढच्या फेऱ्यांत मागणी बदलते. आता 'स्वतःचा रंग' हवा असतो, म्हणजे आलेख्यप्रख्य. महाअंतिम फेरीच्या सुमारास एखाद्या भावगीताला रॉक संगीताचा साज चढतो तेव्हा परपुरप्रवेशाचा प्रयत्न होतो, क्वचित तो साधतोही. म्हणजे स्पर्धेची अंतर्गत समीक्षा राजशेखराच्या पायऱ्या नकळत चढत असते. पण ह्या पायऱ्यांना स्पर्धेबाहेर काही अर्थ आहे का? करारनाम्याच्या लेखी प्रतिबिंब आणि परपुरप्रवेश ह्यांच्यात भेद नाही. दोन्ही वेळा स्पर्धकाने जे केले ते कार्यक्रमाच्या ध्वनिचित्रमुद्रणाचा एक अंश असते आणि त्या मुद्रणाचा स्वामी निर्माता असतो. सौंदर्यशास्त्र ज्याला कर्तृत्व म्हणून गौरविते, त्याला व्यवहार साहित्य, म्हणजे कच्चा माल, म्हणून नोंदवितो.

हा व्यवहार चालतो तो नियमांच्या आधारे, आणि हे नियम तांत्रिक सोयीचे म्हणून सोडून देता येत नाहीत. त्यांना स्वतःचे काव्यशास्त्र आहे. गाणे साधारण दोन मिनिटांचे असावे, हा त्यांपैकी सर्वांत निरुपद्रवी दिसणारा नियम. मुखडा, एक अंतरा, पुन्हा मुखडा आणि टाळ्या. चित्रपटगीताचे ह्यात फारसे बिघडत नाही. त्याची रचनाच मुखड्याभोवती फिरणारी असते. परंतु अभंग, गवळण, लावणी, पोवाडा, भीमगीत ह्यांचे बिघडते. ह्या साऱ्या प्रकारांत कर्त्याची सही शेवटच्या कडव्यात असते. तुका, नामा, एका, जनी ही नावे रचनेच्या अखेरीस येतात. शाहिरांनीही हीच रीत चालविली. वामनदादा कर्डकांच्या (१९२२-२००४) गीतांत 'वामन' येतो तो बहुधा शेवटी. ही नाममुद्रा म्हणजे केवळ सही नसते. तेथपर्यंत गाणाऱ्याच्या मुखाने चाललेले गाणे तेथे क्षणभर थांबून आपला कर्ता सांगते. गाणारा 'मी' मागे सरतो आणि रचणारा पुढे येतो. कीर्तनात ह्याच ठिकाणी बुवा स्वर उतरवितात, श्रोते हात जोडतात. मौखिक परंपरेत कर्तृत्व टिकविण्याचे हे साधन शीर्षकपृष्ठाच्या कितीतरी आधीचे आणि त्याहून चिवट आहे, कारण ते रचनेच्या आतच विणलेले असते. ते काढायचे तर गाणेच कापावे लागते.

दोन मिनिटांचा नियम नेमके तेच करतो. पहिले कडवे राहते, शेवटचे जाते. हेतू कोणाचाच वाईट नसतो. संकलकाला वेळ जुळवायची असते. पण परिणाम असा की जे गाणे शतकानुशतके कर्त्याचे नाव पोटात घेऊन फिरले, ते पडद्यावर अनाम होऊन उतरते. खाली पट्टीत कधी नाव येते, कधी 'पारंपरिक' एवढाच शब्द. संतांच्या बाबतीत हा लोप भरून निघतो, कारण श्रोत्याला ते ठाऊक असतात. एखाद्या तालुक्यातल्या शाहिराच्या बाबतीत तो भरून निघत नाही.

'पारंपरिक' ह्या शब्दाचा थोडा अधिक विचार आवश्यक आहे. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे सर्वांत मोठे तीर्थस्थान. सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे देशभरातील तांडे येथे येतात. होळीच्या दिवसांत तांड्यांत लेंगी म्हटल्या जातात, लग्नात मुलीला निरोप देताना ढावलो म्हटला जातो, नंगारा वाजतो. लेंगी ही जुनाट, गोठलेली वस्तू नव्हे. तीत नवे विषय येतात, नवी कडवी जोडली जातात, आणि ती जोडणारी माणसे नावानिशी ठाऊक असतात, निदान तांड्याला तरी. बाहेरच्या जगासाठी मात्र ती 'लोकगीत' ठरते, आणि लोकगीत म्हटले की कर्ता नसतो अशी समजूत असते. ही समजूत अंशतः आपल्या लोकसाहित्याच्या अभ्यासानेच रूढ केली. समूहमनाची निर्मिती ही कल्पना संकलकांना सोयीची होती. गाणाऱ्या बाईचे नाव लिहून घेण्याचे कष्ट तिने वाचविले. आज तीच कल्पना संगीतकंपन्यांना सोयीची वाटावी, ह्यात आश्चर्य नाही.

कायद्याने ही दरी बराच काळ रुंद ठेवली. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ मध्ये 'संगीतकृती'ची मूळ व्याख्या लिहिलेल्या, छापलेल्या किंवा अन्य प्रकारे आलेखित झालेल्या स्वररचनेपुरती होती. म्हणजे जे कागदावर नाही ते संगीत कायद्याच्या नजरेत कृतीच नव्हते. सर्वोच्च न्यायालयात १९७७ साली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या प्रकरणाचा निकाल लागला. मोबदला देऊन चित्रपटासाठी करवून घेतलेल्या गीतसंगीताचा पहिला स्वामी, वेगळा करार नसेल तर, निर्माता असतो असे त्यात ठरले. त्या निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक पुरवणी जोडली. भारतीय रसिक ज्या नादासाठी जमतात तो गळ्यातला असतो, कागदावरचा नसतो, आणि कायदा मात्र कागदालाच ओळखतो, अशा आशयाची खंत त्यांनी तीत नोंदविली. ही पुरवणी सौंदर्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावी. भारतीय संगीतात प्रयोग हीच कृती असते, हा विचार तीत कायद्याच्या भाषेत प्रथमच इतक्या स्पष्टपणे आला आहे. पुढे १९९४ च्या दुरुस्तीने संगीतकृतीच्या व्याख्येतील लेखनाची अट काढली आणि सादरकर्त्याचा हक्क हा स्वतंत्र हक्क निर्माण केला. त्या व्याख्येत गायक, वादक, नर्तक ह्यांच्याबरोबर कसरतपटू, जादूगार आणि गारुडीही बसतात. गारुड्याला जे मिळाले ते लताबाईंच्या पिढीला उमेदीच्या काळात मिळाले नव्हते, असे म्हणता येईल.

लताबाईंचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. १९६०च्या दशकाच्या आरंभी लता मंगेशकर आणि महंमद रफी ह्यांच्यात स्वामित्वधनावरून, म्हणजे व्यवहारातल्या रॉयल्टीवरून, मतभेद झाला आणि काही वर्षे दोघे एकत्र गायले नाहीत. तबकडी विकली जाईल तोवर गायकाला तिचा वाटा मिळावा, ही लताबाईंची भूमिका. ठरलेले पैसे घेतले की गायकाचा संबंध संपला, ही रफींची. ह्या वादाकडे बहुधा दोन मोठ्या कलावंतांतील रुसवा म्हणून पाहिले जाते. वस्तुतः त्यात गाण्याविषयीच्या दोन भिन्न उपपत्ती आमनेसामने आल्या होत्या. एकीत गाणे हे काम आहे, जे केले की संपते. दुसरीत गाणे ही कृती आहे, जी पुन्हापुन्हा घडते आणि प्रत्येक वेळी गाणाऱ्याला सोबत घेऊन घडते. रफींच्या भूमिकेत औदार्य होते हे मान्य करूनही तिचा तार्किक शेवट कोठे होतो हे पाहायचे, तर रिॲलिटी शोच्या स्पर्धकाकडे पाहावे.

२०१२ च्या दुरुस्तीने चित्र बदलले. ती २१ जून २०१२ पासून अमलात आली. चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात समाविष्ट झालेल्या कृतीच्या गीतकार व संगीतकाराला, चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता चित्रपटगीताच्या अन्य वापराच्या स्वामित्वधनातील समान वाटा सोडूनच देता येणार नाही, असे कलम १८ मध्ये आले. हक्क विकता येतो, हा हक्क मात्र विकताही येत नाही. सादरकर्त्यालाही आपल्या सादरीकरणाच्या व्यापारी वापराबद्दल स्वामित्वधन मिळण्याचा अधिकार मिळाला. गायकांच्या हक्कांसाठी २०१३ साली 'इस्रा' ही संस्था उभी राहिली. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली आकाशवाहिन्यांच्या प्रकरणात गीतकार-संगीतकारांच्या ह्या हक्काला बळ दिले: ध्वनिमुद्रिका वाजली की तिच्यातली कृतीही वाजते. ह्या दुरुस्तीसाठी राज्यसभेत आणि बाहेर लढणारे जावेद अख्तर २००७ साली 'इंडियन आयडॉल'चे परीक्षक होते, ही एक मौजेची नोंद.

तेव्हा आज वाहिनीवर गायल्या जाणाऱ्या जुन्या गाण्याचे गीतकार, संगीतकार, संगीतकंपनी ह्यांचे हितसंबंध बऱ्याच अंशी कायद्याने बांधलेले आहेत. वाहिनीला परवानगी घ्यावी लागते, शुल्क द्यावे लागते. ह्याचा एक अप्रत्यक्ष परिणाम गाण्यांच्या निवडीवर होतो. ज्या कंपनीच्या भांडारातील गाणी सहज उपलब्ध, तीच पुन्हापुन्हा कानांवर पडतात. जुन्या ग्रामोफोन कंपनीने २००० साली 'सारेगामा' हे नाव घेतले आणि पूर्वीच्या एच.एम.व्ही.चे अफाट भांडार त्या नावाखाली आले. सप्तकातले स्वर एका कंपनीच्या पाटीवर आणि एका वाहिनीच्या कार्यक्रमाच्या शीर्षकात एकाच वेळी झळकावेत, हा योगायोग असला तरी बोलका आहे. श्रोत्याची 'स्मृती' म्हणून जी गौरविली जाते, ती पुष्कळदा अशा भांडाराच्या सूचीने घडविलेली असते.

आणि स्पर्धक? परदेशातील एका प्रकरणाने त्याची स्थिती उजेडात आणली. 'अमेरिकन आयडॉल'चा २०१२ चा विजेता फिलिप फिलिप्स ह्याने २०१५ साली कॅलिफोर्नियाच्या श्रम आयुक्तांकडे तक्रार केली. व्यवस्थापन, ध्वनिमुद्रण, गीतप्रकाशन हे सारे करार एकाच समूहाशी झाल्याने त्याच्या वतीने वाटाघाट करणारा आणि त्याच्याशी वाटाघाट करणारा एकच झाला होता, असा तिचा रोख. प्रकरण पुढे तडजोडीने मिटले. पण ह्या तक्रारीतून जे रूप दिसते ते विचारार्ह आहे. विजेत्याला बक्षीस म्हणून जे दिले जाते ते करारपत्रच असते. बक्षीस आणि बंधन ह्यांची ही एकरूपता पारंपरिक स्पर्धांत नव्हती. कलगी-तुऱ्याच्या सामन्यात हरलेल्या शाहिराची मानखंडना होत असे, तो कदाचित डफावरची कलगीही गमावत असे. पण जिंकणाऱ्याला पुढील काही वर्षे एकाच फडात गाण्याची अट पडत नसे.

भारतीय कायदा येथे अगदीच निःशब्द नाही. करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार व्यवसायाला प्रतिबंध करणारा करार त्या प्रतिबंधापुरता रद्दबातल असतो. क्रिकेटपटू झहीर खान आणि पर्सेप्ट कंपनी ह्यांच्या प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने कराराची मुदत संपल्यानंतरचे बंधन टिकणार नाही असे सांगितले. मुदतीच्या आतले एकनिष्ठेचे बंधन मात्र सामान्यतः टिकते. गोलंदाजाच्या कारकिर्दीत दोन-तीन वर्षे जितकी मोलाची, त्याहून कितीतरी मोलाची ती स्पर्धेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या गायकाला असतात, कारण त्याची प्रसिद्धी पुढचे पर्व सुरू होईपर्यंतचीच असते. प्रसिद्धीचा काळ आणि बंधनाचा काळ एकच असला, तर मुदतीनंतरचे स्वातंत्र्य कोणाच्या उपयोगाचे?

मुलांच्या स्पर्धांत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. अज्ञानाचा करार मुळातच शून्य, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहरीबीबीच्या प्रकरणात सांगितले. म्हणून सही पालकाची असते. बालकामगार नियमांत २०१७ साली झालेल्या बदलानुसार बालकलाकाराने दिवसात पाच तासांहून अधिक काम करू नये आणि मिळकतीतील किमान वीस टक्के रक्कम त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावी, अशी तरतूद आहे. ही तरतूद चांगली आहे. परंतु ती मिळकतीविषयी बोलते, आवाजाविषयी नाही. दहाव्या वर्षी मुद्रित झालेला आवाज वयात येताना कायमचा हरवतो. मुद्रण मात्र राहते, फिरते, पुन्हापुन्हा पाहिले जाते. त्या मुलाचा स्वतःच्या गतकाळातील आवाजाशी असणारा संबंध कोणत्या स्वरूपाचा मानायचा, ह्याला ना करारनाम्यात शब्द आहे, ना आपल्या समीक्षेत.

आता ह्या साऱ्याच्या विरुद्ध बाजूला कार्यक्रमाचा आराखडा, म्हणजे 'फॉरमॅट', ठेवून पाहावा. त्याची कायदेशीर स्थिती मोठी विस्मयकारक आहे. ह्यूई ग्रीन ह्यांनी ब्रिटनमध्ये 'ऑपॉर्च्युनिटी नॉक्स' ही होतकरू कलावंतांची स्पर्धा चालविली होती. न्यूझीलंडच्या प्रसारण संस्थेने त्याच नावाने तसाच कार्यक्रम केला, तेव्हा शीर्षक, ठरावीक वाक्ये, टाळ्या मोजण्याचे यंत्र ह्या सर्वांवर त्यांनी हक्क सांगितला. प्रिव्ही कौन्सिलने १९८९ साली तो फेटाळला. जो दर खेपेस बदलतो, ज्याला निश्चित संहितेची एकात्मता नाही, ती कृती नव्हे, हे त्याचे कारण. म्हणजे न लिहिलेली लेंगी ज्या कारणाने दीर्घकाळ कृती ठरली नाही, जवळजवळ त्याच कारणाने गानस्पर्धेचा आराखडाही कृती ठरला नाही. दोन्ही सैल, दोन्ही प्रयोगागणिक बदलणाऱ्या, दोन्हींना स्थिर संहिता नाही. तरीही 'आयडॉल'चा आराखडा परवान्याचे शुल्क घेत देशोदेशी गेला, हिंदीत आला, २०२१ मध्ये मराठीतही आला. लेंगी मात्र 'पारंपरिक' राहिली. फरक संहितेत नाही. तो करार करण्याच्या ताकदीत आहे. राजशेखराने कवींचे उत्पादक, परिवर्तक, आच्छादक, संवर्गक असे भेद केले होते. इतरांचे अर्थ गोळा करून आपल्या रचनेत बसविणारा तो संवर्गक. आजच्या व्यवस्थेत सर्वांत सुरक्षित स्थान ह्या संवर्गकाचे आहे.

राजशेखराने आपली पत्नी अवंतिसुंदरी हिचे एक मत शब्दहरणाच्या चर्चेत दिले आहे. काही परिस्थितींत उचल क्षम्य ठरते, असे ती म्हणते, आणि त्या परिस्थितीही सांगते: तो अप्रसिद्ध आहे आणि मी प्रसिद्ध, त्याला प्रतिष्ठा नाही, मला आहे, त्याच्या भाषेचा आदर होत नाही, माझीचा होतो, त्या रचनेचे जाणकार आता उरलेले नाहीत, तिचा कर्ता दूर देशी आहे. विद्वानांनी हा उतारा कवीची चतुराई म्हणून वाचला आहे, काहींनी विनोद म्हणून. तांड्यातून तो वाचला तर विनोद उरत नाही. गोरबोली ही अनादृत भाषा, तांडा हा दूर देश, लेंगी रचणारा अप्रसिद्ध. अवंतिसुंदरीची यादी ही लोकगीतांच्या आधुनिक व्यापाराची जणू आगाऊ लिहिलेली कार्यपद्धती आहे.

हे निव्वळ अनुमान नाही, हे दाखविणारे उदाहरण बंगालमध्ये घडले. मार्च २०२० मध्ये बादशाह ह्या गायकाचे 'गेंदा फूल' सोनी म्युझिकने प्रसिद्ध केले. त्यातील बंगाली ध्रुवपद लोकगीत म्हणून वापरले गेले होते. वस्तुतः ते बीरभूमच्या रतन काहार ह्यांनी १९७०च्या दशकात रचलेले, आणि ते हयात होते. ओरड झाल्यावर बादशाहने त्यांना पाच लाख रुपये दिले. रक्कम मिळाली हे चांगले झाले. परंतु ती देणगीच्या रूपाने मिळाली, हक्काच्या रूपाने नाही. देणगी एकदाच मिळते, आणि देणाऱ्याची कीर्ती वाढविते. रतन काहार ह्यांचे गाणे 'पारंपरिक' झाले ते काळाच्या ओघात नव्हे. एका माणसाच्या हयातीत, पन्नास वर्षांच्या आत ते तसे *केले गेले*. शिवाय लोकधुनेवर संगीत-संयोजन करणाऱ्याला त्या संयोजनापुरता हक्क मिळतो, कारण संयोजन हे कायद्याने रूपांतर मानले आहे. म्हणजे कर्ता पुसला की ती जागा रिकामी राहत नाही. तेथे लगेच दुसरे नाव बसते.

येथे एका सैद्धांतिक अडचणीचा विचार करणे अगत्याचे आहे. बार्थने लेखकाचा मृत्यू घोषित केला आणि फुकोने लेखक हे व्यक्तीचे नाव नसून प्रवचनाचे नियमन करणारे एक कार्य आहे, असे दाखविले. मराठी समीक्षेनेही ह्या विचारांचे स्वागत केले, आणि संहितेला कर्त्याच्या हेतूपासून सोडविण्यात त्यांचा उपयोग झाला. मग नाममुद्रेच्या लोपाबद्दल हळहळणे म्हणजे जुन्या लेखकपूजेकडे परतणे नव्हे काय? हा आक्षेप दिसतो तितका बळकट नाही. फुकोने लेखकाच्या नावाचा उगम शिक्षेत आणि मालमत्तेत शोधला होता. ज्या समूहांना आपल्या रचनेवर मालकी सांगण्याची संधीच कधी मिळाली नाही, त्यांच्या बाबतीत लेखक मेला असे म्हणण्यापूर्वी तो कागदोपत्री जन्मला होता का, हे पाहावे लागते. जनी आपले नाव अभंगात घालते तेव्हा ती मालमत्ता सांगत नाही. दासीलाही वाणी आहे, हे सांगते. वामनदादांच्या मुद्रेतही हाच स्वर आहे. ही मुद्रा बुर्झ्वा लेखकत्वाच्या अलीकडची आणि पलीकडची आहे. तिला बार्थच्या घोषणेत गुंडाळून टाकणे ही आपल्या समीक्षेची मोठीच गफलत ठरेल, आणि तिचा लाभ वाहिनीच्या विधी विभागाला होईल.

लेंगीला व्यक्तीचा स्वामित्वहक्क लावावा, असेही सरसकट म्हणता येत नाही. जिच्यात दरवर्षी कडवी वाढतात तिला साठ वर्षांची मुदत आणि एक मालक चिकटविणे म्हणजे ती थांबविणेच होय. युनेस्को आणि जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने १९८२ साली लोकाभिव्यक्तीच्या संरक्षणासाठी आदर्श तरतुदींचा मसुदा केला होता. त्यात समूहाची संमती आणि उगमाचा निर्देश ह्या दोन गोष्टींवर भर होता. भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात तसे स्वतंत्र प्रकरण आलेले नाही. पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. वेष, दागिने, इतिहास ह्यांना तेथे घर मिळाले. लेंगी कोणी रचली, कोणत्या तांड्यात, कोणत्या साली, ह्याची नोंद ठेवण्याचे काम अशा ठिकाणी होऊ शकते. उद्या एखाद्या वाहिनीच्या पट्टीत 'पारंपरिक' हा शब्द उमटला तर त्याला हरकत घेण्यासाठी दाखविता येईल असा तो पुरावा असेल.

कायद्याच्या दृष्टीने दूरचित्रवाणीचा भाग हेही चलच्चित्रच. त्यामुळे स्पर्धेत गाणाऱ्या व वाजविणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न शेवटी पुन्हा नावापाशीच येतो. २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याच्या व्याख्येला एक परंतुक जोडले आहे: ज्याचे सादरीकरण प्रासंगिक स्वरूपाचे आहे आणि धंद्याच्या नित्याच्या रीतीनुसार ज्याचा उल्लेख श्रेयनामावलीत किंवा अन्यत्र कोठेच होत नाही, तो चलच्चित्रात सादरकर्ता मानला जाणार नाही; आपल्या सादरीकरणाच्या विकृतीला हरकत घेण्यापुरता तेवढा तो सादरकर्ता राहील. समूहस्वरातल्या मुली, ढोलकीवाला, एका भागापुरता बोलावलेला नंगारावादक ह्यांच्या बाबतीत नामोल्लेख हा त्यामुळे सौजन्याचा भाग उरत नाही. कार्यक्रमाच्या अखेरीस ती नामावली येते तेव्हा पडदा आक्रसून एका बाजूला सरकलेला असतो, अक्षरे वाचता येणार नाहीत इतक्या वेगाने वर जात असतात, आणि उरलेल्या भागात पुढच्या मालिकेची जाहिरात सुरू झालेली असते.